इजिप्तला चाललोय, कैरोला किती दिवस द्यावेत? (सोबत आई-बाबा)

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी, जानेवारीत इजिप्तचं घाटतंय. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. बाबा अडुसष्टचे आहेत पण चालायला आम्हाला मागे टाकतात, आईचे गुडघे मात्र कुरकुरतात त्यामुळे जिने, चढ, वाकून जाणं हे सगळं तिच्यासाठी बादच समजा. इथल्या एका टूरवाल्याकडून प्लॅन मागवला तर अस्वान-लक्झर क्रूझ वगैरे झकास दिलंय पण कैरोला जेमतेम दीड दिवस, आणि त्यात सुद्धा पिरॅमिड, पपायरस इन्स्टिट्यूट, परफ्यूम फॅक्टरी, एक म्युझियम आणि संध्याकाळी खान एल-खलिलीत शॉपिंग. मी म्हटलं अहो एवढं मोठं शहर, बाकी काही बघण्यासारखं नाही का, तर म्हणाला मॅडम कैरोत आहे काय, धूळ आणि ट्रॅफिक, पिरॅमिड झाले की सुटायचं.

आता बाबा आहेत इतिहासाचे रिटायर्ड शिक्षक. हे ऐकून ते असे भडकलेत की टूरच नको, आपलं आपण जाऊ म्हणून हटून बसलेत. तर ज्यांनी कैरो नीट बघितलंय त्यांनी सांगा, खरंच वेळ द्यावा का तिथे? दिला तर काय बघावं, आईला कुठे न्यावं कुठे नको, नवीन म्युझियम की जुनं, आणि खायचं काय, कारण आई-बाबा शुद्ध शाकाहारी आहेत (अंडंही नाही). व्हिसाचं विचारत नाहीये, त्यावर वेगळा धागा आहे तो वाचलाय.

पायपीट

बाबांना माझा नमस्कार सांगा, बरोबर भडकलेत.

लोकांचा घोळ काय होतो की इजिप्त म्हटलं की फॅरो आणि फॅरो म्हटलं की पिरॅमिड, आणि कैरो म्हणजे फक्त पिरॅमिडजवळचं एअरपोर्ट. पण जरा हिशोब बघा. खुफूचा (गिझाचा सगळ्यात मोठा) पिरॅमिड बांधला इ.स.पूर्व २५६० च्या आसपास. कैरो वसलं इ.स. ९६९ मध्ये, फातिमी खलिफांच्या घराण्याचा सेनापती जौहर याने आखलं. म्हणजे शहराची पहिली वीट पडली तेव्हा पिरॅमिड साडेतीन हजार वर्षांचे म्हातारे होते, आणि हे शहर स्वतः आता हजार वर्षं ओलांडून गेलंय. फातिमी, अय्युबी, मामलुक, तुर्क, मग खेदिव, मग इंग्रज, या सगळ्या राज्यकर्त्यांनी इथे काहीतरी बांधून ठेवलंय आणि बरंचसं अजून उभं आहे आणि वापरात आहे.

आणि एक गंमत बघाच. पिरॅमिड आज पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते मुळात तसे नव्हते, वरून पांढऱ्या चुनखडीचं गुळगुळीत आवरण होतं. १३०३ च्या भूकंपात ते खिळखिळं झालं आणि मग कैरोवाल्यांनी ते दगड उचलून नेले, मशिदी बांधायला, वाडे बांधायला, शहर दुरुस्त करायला. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडच्या शेंड्याला थोडं आवरण शिल्लक आहे ते बाबांना दाखवा आणि मग त्यांना जुन्या शहरात घेऊन या, कारण उरलेला पिरॅमिड तिथेच आहे.

बघायचं म्हणाल तर मला विचाराल तर एक नंबर सुलतान हसनची मशीद-मदरसा. १३५६ ला काम सुरू झालं. त्याच्या आधी १३४८ ला प्लेगने कैरोत हाहाकार उडवला होता, घरंच्या घरं संपली, आणि वारस नसलेल्यांच्या इस्टेटी सरकारजमा झाल्या त्या पैशातून एवढं अवाढव्य प्रकरण उभं राहिलं असं म्हणतात. दरवाजाच अडतीस मीटरच्या आसपास उंच आहे. मान वर करून बघताना टोपी पडते. आत शिरलं की आधी अंधारा, वळणावळणाचा बोळ लागतो, बाहेरचे हॉर्न हळूहळू बंद होतात आणि मग एकदम उघडं चौक, चार बाजूंना चार प्रचंड कमानी, सुन्नी कायद्याच्या चार शाखांच्या शिक्षणासाठी एकेक. बांधकाम चालू असताना १३६१ मध्ये एक मिनार कोसळून शेकडो माणसं मेली होती. सुलतान स्वतः त्यानंतर लवकरच मारला गेला आणि त्याचा मृतदेह सापडलाच नाही, म्हणजे एवढा मकबरा बांधला आणि तो स्वतः त्यात नाही. समोरच अल-रिफाई मशीद आहे, ती बरीच अलीकडची, १९१२ ला पुरी झाली, तिथे इराणचे शेवटचे शाह पुरलेले आहेत, इजिप्तचे राजे फारूक पण. बाबांना आवडेल.

मग मुइझ स्ट्रीट. उत्तरेला बाब अल-फुतूह (१०८७) आणि दक्षिणेला बाब झुवेला (१०९२), दोन वेशींमधला जुन्या शहराचा मुख्य रस्ता. नुसतं चाललात तर अर्ध्या तासाचं काम पण बघत गेलात तर दिवस पुरणार नाही. कलावूनच्या संकुलात (१२८५) मदरसा, मकबरा आणि इस्पितळ तिन्ही एकत्र बांधलं होतं, आणि ते इस्पितळ शतकानुशतकं चाललं. मकबऱ्यात आत जाऊन नुसतं बसा थोडा वेळ, वरच्या रंगीत काचांमधून उजेड येतो आणि खालच्या संगमरवरी पट्ट्यांवर सरकत राहतो, तिकिटाचे पैसे तिथेच वसूल.

बाब झुवेलावर चढता येतं, वर दोन मिनार आहेत त्यातल्या एकावर पण जाता येतं, पण जिना अरुंद आणि अंधारा, तेव्हा आईंना खालीच बसवा. खाली बसण्यासारखं आहे, वेशीच्या बाहेर लगेच तंबूवाल्यांची गल्ली आहे, खयामिया. पूर्वी सुलतानांचे शामियाने शिवायचे ते, आता भिंतीवर लावायचे कापडी पॅनल, उशांचे अभ्रे वगैरे शिवतात. पुरुष माणसं मांडी घालून बसलेली असतात, हातात सुई, कापडावर कापड दुमडून इतकं झपझप टाचतात की आपली गोधडी शिवणारी आजी पण थांबून बघेल. आणि हो, याच वेशीवर १५१७ मध्ये शेवटचा मामलुक सुलतान तुमान बे याला ऑटोमन सुलतान सलीमने फासावर लटकवलं होतं.

खडूस_काका

पायपीट यांचा उत्साह दांडगा आहे. सगळं खरं असेल, पण जरा दुसरी बाजू पण सांगा ना लोकांना. साठीच्या पुढची दोन माणसं घेऊन जातायत त्या.

कैरो दमवतं. आवाज, धूर, फुटपाथ कुठे सुरू होतो कुठे संपतो पत्ता नाही, रस्ता क्रॉस करणं म्हणजे देवाचं नाव घेऊन उतरायचं. आणि प्रत्येक ठिकाणी बक्षीस, म्हणजे टिप. जोडे सांभाळणारा बक्षीस, न विचारता कोपऱ्यात नेऊन "इथून फोटो छान येतो" सांगणारा बक्षीस, टॉयलेटमध्ये टिश्यूचे दोन तुकडे हातात ठेवणारा बक्षीस. सुटे नोटांचे गठ्ठे ठेवावे लागतात खिशात. तहरीर चौकाच्या आसपास, जुन्या म्युझियमपाशी, एखादा सुटाबुटातला गोड बोलणारा भेटणारच, "म्युझियम आत्ता बंद आहे, एक तासाने उघडेल, तोवर माझ्या भावाच्या दुकानात चहा घ्या". म्युझियम उघडंच असतं. दुकानातलं पपायरस (प्राचीन इजिप्तचा लव्हाळ्याचा कागद) बहुतेक वेळा केळीच्या पानाचं असतं. गिझाला पिरॅमिडपाशी उंटवाले फुकट बसवतात, पैसे उतरवायचे घेतात. हे सगळं हसून सोडून देता आलं तर जा, आईवडील चिडचिडे असतील तर दीड दिवस पुरे. नवीन म्युझियम बघा, पिरॅमिड बघा, क्रूझवर आराम करा. सगळ्यांनीच मशिदीचे दरवाजे मोजत फिरायला पाहिजे असं नाही.

तरी पण परफ्यूम फॅक्टरी आणि पपायरस इन्स्टिट्यूट मात्र प्लॅनमधून काढायला लावा, ती दुकानं आहेत.

मादीतली_मावशी

काका, चिडचिड खरी आहे पण एवढी पण नाही हो. यांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं कैरोला मादी भागात राहिलो, तेव्हा थोडं रोजच्या वापरातलं सांगते.

आधी गाडी. पांढऱ्या टॅक्सीशी हुज्जत घालू नका, अॅपवरून गाडी मागवा. फक्त नंबरप्लेट वाचायला शिकून जा, आकडे अरबी असतात. शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि जो गोल आपल्याला शून्य वाटतो तो पाच असतो! इंग्रजी V सारखा सुलटा दिसणारा सात आणि उलटा V दिसणारा आठ, हे दोन पाठ केले की झालं, विमानात बसल्याबसल्या होतं. मेट्रो स्वस्त आणि वेळेवर, १९८७ ला सुरू झाली तेव्हा आफ्रिकेतली पहिली होती. मधले डबे बायकांचे असतात, आई आणि तुम्ही त्यात बसा, कुणी ना कुणी उठून आईला जागा देणारच आणि "हिंद? हिंद?" विचारून गप्पा सुरू. एखादे वयस्कर गृहस्थ भेटले तर पुढचा शब्द अमिताभ बच्चन. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपले पिच्चर तिकडे तुफान चालायचे.

सगळ्या मोठ्या ठिकाणी तिकिटं आता कार्डानेच घ्यावी लागतात, त्यामुळे परदेशात चालणारं कार्ड दोघांकडे वेगवेगळं ठेवा, एक अडलं तर दुसरं.

खायचं. तुमच्या आईबाबांचे लाड होतील तिथे. सकाळी फूल, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेले बाकला (वालासारखे मोठे दाणे असतात), वर जिरं, लिंबू, तेल, आणि सोबत गरम आईश बलदी म्हणजे कोंड्याची फुगलेली भाकरी. तामिया म्हणजे त्यांचं फलाफल, चण्याचं नसतं, बाकल्याचं असतं, आतून हिरवंगार. आणि कोशरी! भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा, बाजूला लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि तिखटाची बाटली. आपल्या खिचडीवरून गेलंय असं बरेच जण मानतात, पण आपली खिचडी इतकी भरगच्च कधीच नव्हती. कोशरीच्या दुकानात मांस नसतंच सहसा म्हणून शाकाहारी माणसाला बिनधास्त. तिखटाच्या बाटलीला मात्र नाशिककर आहोत म्हणून गंमत समजू नका. घरगुती जेवणात मोलोखिया नावाची पालेभाजी मिळेल, बुळबुळीत असते, पण ती बहुतेक चिकनच्या किंवा सशाच्या स्टॉकमध्ये करतात, ती टाळा. उसाचा रस जागोजागी. जास्वंदीचं लाल करकदे गरम पण मिळतं, जानेवारीत तेच बरं, कारण संध्याकाळी गारठा असतो, स्वेटर घेऊन जा, लोक वाळवंट म्हणून सुती कपडे भरतात आणि कुडकुडतात.

मशिदीत जाताना तुम्ही दोघींनी ओढणी ठेवा, सगळ्यांनी मोजे ठेवा, फरशी गार असते.

ठाणेकर_बाहेरगावी

बाबा इतिहासाचे शिक्षक म्हटल्यावर कॉप्टिक कैरो, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिश्चनांचा भाग, सोडूच नका. आणि आईंच्या गुडघ्यांना पण बरं, सगळं एकाच आवारात आहे, मेट्रोचं मार गिर्गिस स्टेशन दारात (हँगिंग चर्चला तेवढ्या पायऱ्या आहेत, सावकाश चढलं की होतं). हे कैरोच्या पण आधीचं गाव. रोमनांचा बॅबिलॉन किल्ला होता, त्याच्या वेशीच्या दोन बुरुजांवर ते चर्च उभं आहे, आत जमिनीत काच बसवलीये तिथून खालचं पोकळ दिसतं. अबू सर्गा चर्चच्या तळघरात येशू बाळ असताना मेरी आणि जोसेफ लपून राहिले होते अशी श्रद्धा आहे. चालत थोडं पुढे अम्र इब्न अल-आसची मशीद, आफ्रिकेतली पहिली, ६४१-४२ ची, अर्थात आजची इमारत पुन्हा पुन्हा बांधलेली.

पण माझा जीव अडकलेला आहे तो त्याच आवारातल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात. दिसायला छोटं. ज्यू लोकांत देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही असा नियम, म्हणून जुने कागद एका कोठडीत टाकून द्यायचे, त्याला गनिझा म्हणतात. हजारएक वर्षं टाकत राहिले. कैरोची हवा कोरडी, त्यामुळे काही कुजलं नाही. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टर नावाच्या विद्वानाने जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. आणि त्यात नुसते धर्मग्रंथ नाहीत, लग्नाचे करार, वाण्याच्या याद्या, शाळेतल्या पोरांच्या बाराखडीच्या वह्या, आणि व्यापाऱ्यांची पत्रं. मिरी, लोखंड, कापड, कोणत्या जहाजात किती माल चढवला, कोणी पैसे बुडवले. बाराव्या शतकातलं एक पत्र आहे, मंगळूरला असलेला एक ज्यू जहाजमालक आपल्या मेहुण्याला लिहितोय, मेहुण्याला समुद्रात चाच्यांनी लुटलंय, आणि त्या पत्रात आपल्या ठाण्याचं नाव येतं! घोडबंदर रोडवर अडकलेला माणूस नऊशे वर्षांपूर्वी पण अडकलेलाच होता, फक्त चाचे वेगळे.

जवळच फुस्तातच्या (कैरोच्या आधीच्या शहराच्या) उत्खननात आपल्या गुजरातचे ठशांचे सुती कापड सापडलेत, मध्ययुगातले. बाबांना म्हणावं अरबी समुद्राचा पलीकडचा काठ बघायला चाललाय तुम्ही.

ममीबद्दल पण सांगून ठेवतो कारण नव्वद टक्के लोक इथे गंडतात. राजांच्या ममी गिझाच्या नवीन म्युझियममध्ये नाहीत, तहरीरच्या जुन्या म्युझियममध्येही नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये बावीस ममी, अठरा राजे आणि चार राण्या, वाजतगाजत मिरवणूक काढून फुस्तातच्या नॅशनल म्युझियम ऑफ इजिप्शियन सिव्हिलायझेशनमध्ये नेल्या. रामसेस दुसरा, सेती पहिला, हातशेपसूत, सगळे तिथे. कॉप्टिक कैरोपासून गाडीने दहा मिनिटं. एका दिवसात दोन्ही होतं. सेतीचा चेहरा बघा, तीन हजार दोनशेहून जास्त वर्षं झाली आणि वाटतं नुकताच झोपलाय. ममींच्या दालनात फोटो काढू देत नाहीत. तुतनखामेन राजाची ममी मात्र लक्झरलाच त्याच्या थडग्यात आहे, ती क्रूझमध्ये बघून घ्या.

मस्जिदबंदर

मुइझ स्ट्रीटवर सगळ्यांनी सगळं सांगितलं पण अल-हाकिम मशीद राहिली की. बाब अल-फुतूहला लागूनच आहे, १०१३ ची. तिचा मुंबईशी थेट संबंध आहे. फातिमी खलिफांची परंपरा आपले दाऊदी बोहरा लोक मानतात. ही मशीद मधल्या काळात पार उकिरडा झालेली, कधी तुरुंग, कधी तबेला, नेपोलियनच्या सैन्याने तर गोदाम केलेलं. १९८० च्या सुमारास मुंबईच्या बोहऱ्यांचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन साहेबांनी ती पुन्हा उभी केली, पांढरा शुभ्र संगमरवर घातला, आणि मग २०२३ मध्ये परत नव्याने दुरुस्त होऊन उघडली, त्याच वर्षी जूनमध्ये आपले पंतप्रधान पण जाऊन आले. माझं बालपण भेंडी बाजाराजवळ गेलं, शेजारी सगळे बोहरी. कैरोत त्या अंगणात रंगीबेरंगी रिदा घातलेल्या बायका आणि सोनेरी काठाच्या टोप्या घातलेले काका बघितले आणि त्यातल्या एका काकांनी गुजराती वळणाच्या हिंदीत "आप किधर से, बम्बई?" विचारलं तेव्हा जे बरं वाटलं ना.

अर्थात सगळ्यांना ती दुरुस्ती आवडत नाही. जुनेपण पुसून टाकलं, चकचकीत केलं असं वास्तुशास्त्राची मंडळी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, शेजारची अल-अकमर (११२५) पण बोहऱ्यांनीच दुरुस्त केलीये तिथे पण तोच वाद. पण मला विचाराल तर पडकी सुंदर मशीद आणि लोक नमाज पढतायत अशी चकचकीत मशीद यात मी दुसरी घेईन. आईंना तिथे न्या, अंगण सपाट आहे, पाय पसरून बसता येतं, पोरं पळत असतात, कुणी उठवत नाही.

पायपीट

@खडूस_काका, मशिदीचे दरवाजे मोजायला कोण सांगतंय :) पण दीड दिवसात शहराची फक्त वाईट बाजूच दिसते, म्हणजे एअरपोर्ट, रिंग रोड आणि उंटवाले. चांगली बाजू बघायला जरा थांबावं लागतं एवढंच म्हणणं आहे. बक्षिसाचं म्हणाल तर सहमत.

म्युझियमबद्दल विचारलंय त्यांनी. गिझाचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे उघडलं, तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात, सोन्याचा मुखवटा पण तिकडेच. दारातच अकरा मीटरचा रामसेस उभा आहे. खुफूची नाव पण आहे, त्रेचाळीस मीटरच्या आसपास लांब, पिरॅमिडच्या शेजारी खड्ड्यात सुटी करून पुरलेली होती. लिफ्ट, सरकते जिने, बसायला जागा, आईंसाठी उत्तम. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, वेळेचा स्लॉट असतो.

पण तहरीरचं गुलाबी म्युझियम (१९०२) आता ओस पडलं असं समजू नका. उलट आता गर्दी कमी म्हणून जास्त मजा. तानिसच्या राजांचं सोनं, सुसेनेस राजाची अख्खी चांदीची शवपेटी. आणि मी गेलो तेव्हा एका साध्या काचपेटीत खुफूचा पुतळा होता. महापिरॅमिड बांधणाऱ्या राजाचा आजवर मिळालेला एकमेव अखंड पुतळा, हस्तिदंती, उंची साडेसात सेंटीमीटर! १९०३ मध्ये पेट्री या पुरातत्त्वज्ञाला अबायडॉसला सापडला तेव्हा मुंडकं नव्हतं, मग आठवडेच्या आठवडे माती चाळून ते शोधून काढलं. तेवीस लाख दगडांचा डोंगर आणि त्याच्या मालकाचा पुतळा करंगळीएवढा. लोक समोरून निघून जातात, बघत पण नाहीत.

द्राक्षवेल

बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं, गनिझातल्या ठाण्यावर ते खूश आहेत आणि आई कोशरीवर. टूरवाल्याला "नको" म्हणून कळवलंय. क्रूझ नंतर वेगळी बुक करू, आधी कैरोला चार पूर्ण दिवस. गुरुवारी पोचतोय. एक दिवस गिझा आणि नवीन म्युझियम, एक दिवस सुलतान हसन आणि मुइझ, एक दिवस कॉप्टिक आणि ममी. राहिला शुक्रवार, तो नेमका पहिलाच दिवस येतोय. शुक्रवारी जुम्मा असतो मग सगळं बंद असतं का? आणि पिरॅमिडच्या आत आईला नाहीच नेणार पण बाबांना जायचंय, कितपत जमेल?

मादीतली_मावशी

शुक्रवारी सकाळी कैरो झोपलेलं असतं, तो शहरातून बाहेर पडायला सगळ्यात उत्तम दिवस. दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत आणि बाजार पण उशिरा उघडतो म्हणून जुनं शहर त्या दिवशी नकोच. रस्ते मोकळे असतात, गाडी दिवसभरासाठी ठरवा आणि सरळ सक्कारा गाठा.

पायपीट

+१ सक्कारा. शहराच्या दक्षिणेला, गिझापेक्षा गर्दी कमी. इमहोतेपने बांधलेला जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड, साधारण इ.स.पूर्व २६५० चा, जगातली दगडात बांधलेली पहिली एवढी मोठी वास्तू.

खुफूच्या आत म्हणाल तर तिकीट वेगळं. आधी वाकून जायचा चढा बोगदा, उंची सव्वा मीटरच्या आतबाहेर, मग एकदम उंच ग्रँड गॅलरी, मग परत वाकून राजाचं दालन, ग्रॅनाइटची एक फुटकी पेटी आणि बाकी काही नाही. हवा कोंदट, गरम, समोरून येणारे त्याच वाटेने येतात. बाबांची कंबर आणि बीपी ठीक असेल तर जमेल, श्वास लागत असेल तर नको.

आणि तसंही खरी चित्रं पिरॅमिडच्या आत नाहीतच. ती सक्काराला वजीर मेरेरुकाच्या मस्तबात (सपाट छपराच्या थडग्यात) आहेत, आत तीसेक खोल्या आणि बरंचसं सपाटच चालायचं, आईंना पण नेता येईल. सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची भिंत, पाणघोड्याची शिकार, सोनारकाम करणारे ठेंगू कारागीर, आणि एका भिंतीवर सारा थकवलेल्या गावच्या पाटलांना धरून आणलंय, कारकून बसून लिहितायत आणि एकाला खांबाला धरून झोडपतायत. शिक्षक माणूस आहेत, तिथून लवकर हलणार नाहीत, तेव्हा आईंसाठी पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा आणि सकाळी लवकर पोचा, हिवाळ्यात दुपारीच आवरतं घेतात.

खडूस_काका

सक्काराच्या वाटेवर "गालिचा शाळा" दाखवायला ड्रायव्हर थांबवेल. गाडी ठरवतानाच नाही म्हणून सांगा.